दारातलं उपडं भांडं

१२ मे १८७९, कॅन्सस

पोचलो एकदाचे. टेकाडाच्या पोटात खणलेलं घर, वर गवताचं छप्पर. एनोस म्हणाला, बायको, बिळात आणलं तुला, पण बीळ आपल्या मालकीचं आहे. हसून हसून पुरेवाट झाली माझी. मिसिसिपीत आम्हीच दुसऱ्याच्या मालकीचे होतो. आमची लेक ज्युबिली तेवढी मोकळी जन्मली. सहा वर्षांची आहे, कुणाच्या बापाला भीत नाही. तिच्यासाठीच तर एवढा खटाटोप.

शेजारच्या केझाया मावशीने मक्याची भाकर आणि लोखंडी भांडं दिलं. म्हणाली, हे दारात उपडं ठेव, मगच प्रार्थना, गाणं, पोरीला हाक. गुलामीत आम्ही तेच करायचो. आवाज भांड्यात जिरायचा, मालकापर्यंत जायचा नाही. मी म्हटलं, मावशी, इथे कुठला आलाय मालक? तर म्हणे, मालक तिकडेच राहिला गं पोरी, पण दाराशी कान लावून बसणारं जे होतं, ते आपल्या मागोमाग आलंय. म्हातारीच्या हाडात भीती मुरलीय, दुसरं काय.

१५ मे

भांड्यात चवळी शिजवली. संध्याकाळी दारात उभी राहून पोटभर गायले. ज्युबिलीला माळापार जाईल अशी खणखणीत हाक मारली. जन्म कुजबुजण्यात गेला, आता नाही.

१९ मे

ज्युबिली धावत आली, का बोलावलंस म्हणाली. मी बोलावलंच नव्हतं. गवतातून तुझी हाक आली, म्हणते.

२१ मे

आज मीही ऐकलं. माझाच आवाज, माझंच गाणं. इकडे माझा घसा पार बसलाय. खुणांनी मावशीला सांगितलं, तिचा चेहरा उतरला. तिचा नवरा असाच तिच्या आवाजातल्या हाकेमागे गेला, ती घरात बसलेली असताना. भांडं उपडं घातलं. फार उशीर केला मी.

२२ मे

तोंड उघडते, नुसती हवा. दुपारी एनोस शेतातून परतत होता. त्या आवाजाने त्याला हाक मारली. मी दारातून हात हलवत राहिले. तो हाकेमागे गवतात शिरला, वळून पाहिलंच नाही—

२३ मे

एनोस आलाच तर त्याला कळावं म्हणून लिहितेय. ज्युबिलीला माझ्या कमरेशी बांधलंय. बाहेरून आई बोलावतेय, म्हणते. मला विचारलं, तू कोण? माझ्या पोटची पोर—

बाहेर गोड बोलतंय— गाठ कशी सोडायची ते सांगतंय—

तिची बोटं गाठीवर— मी हात धरलाय, ती चावतेय— आई, मला हिच्यापासून सोडव म्हणून रडतेय, दाराकडे बघून, आणि मी इथे तिच्या—