माझ्या नावाची मिस्सा

९ जून, रविवार

मी मेले! गावात तरी मेले. चर्चमध्ये सकाळच्या प्रार्थनेत, मिस्सेत, फादर अरिस्तिदेसनी मृतांची यादी वाचली, त्यात — ओनेइडा रेंतेरिया, खासदार. आईचा फोन आला तेव्हा मी इथे राजधानीत, बोगोटात, दोन स्वेटर घालून अंडं उकडत होते. "तुझं नाव वाचलं गं," एवढंच म्हणाली. शेजारची खुस्तिनियाना कॉफीची किटली घेऊन सांत्वनाला पोचलीसुद्धा! आई तिला सांगतेय, "अगं, ही काय फोनवर बोलतेय!" तर ती म्हणे, "बोलू दे. आणलेली कॉफी आता परत कशी नेऊ?"

हसले. मग अंडं तसंच राहिलं.

जिवंत माणसाच्या नावाची मिस्सा म्हणजे काय, हे आमच्या नदीकाठी शेंबडं पोरही सांगेल. दोन वर्षांपूर्वी लिबार्दोच्या नावाची झाली. सोन्यासाठी नदी उपसणाऱ्या ड्रेजरवाल्यांविरुद्ध तो मोर्चे काढायचा. अकराव्या दिवशी स्वतःच्याच नावेत मेलेला सापडला.

१० जून

फादरना फोन केला. "पोरी, तुझ्या नावाची चिठ्ठी चर्चच्या पेटीत होती. बायका ढीगभर टाकतात, मी चष्मा लावतो नि वाचत सुटतो. काय वाचलं ते नंतर कळलं!" फार ओशाळले होते.

अकरा दिवस मोजले. वीस जून. त्याच दिवशी ड्रेजरबंदीच्या माझ्या विधेयकावर मतदान! अधिवेशनाचा शेवटचा दिवस. टळलं तर चार वर्षांचं काम पाण्यात — ड्रेजर तिथेच, सोन्यासाठी ते पाण्यात सोडतात तो पाराही तिथेच.

१३ जून

अंगरक्षक येसिद म्हणतो, "मॅडम, खिडकीपासून लांब बसा." अरे, काच गोळी अडवणारी आहे ना? "आहे हो. तरी बसा."

आता याला काय म्हणावं!

१५ जून

झोप नाही. जिन्यात कुणी खोकलं तरी उठून कडी तपासते.

आईशी बोलले. तिला आता मासा साफ करता येत नाही, हात फार थरथरतात. डॉक्टर म्हणतात पारा. साठ वर्षं याच नदीतला मासा विकला, तोच खाल्ला. कागदावर काहीही असो, विधेयक मी तिच्यासाठी लिहिलं. म्हटलं, "आई, मला भीती वाटते गं." म्हणाली, "मग आजारी पड. कोण काय म्हणणार आहे?"

हे आई म्हणते? पहिल्या निवडणुकीत मला नावेत घालून गावोगाव फिरवणारी? मलाच रडू आलं.

१९ जून

डोकी मोजली. मतदान पुकारलं की विरोधक नेहमीसारखे कॉफीला उठणार, गणसंख्या मोडायला. आमचे सगळे बसून राहिले तर बरोबर पुरतात. माझ्यासकट.

जाणार. जाणारच!

२० जून

गेले नाही.

सभागृहाच्या दारापर्यंत गेले. येसिदने दार धरलं. आत नावं पुकारत होते. मी मागे वळले. बाथरूममध्ये शिरले, कडी लावली, कान दाबून धरले. तरी "रेंतेरिया" ऐकू आलं. दोनदा.

गणसंख्येला एक माणूस कमी पडला. एक! विधेयक गेलं. बाहेर आमच्या बाजूचे म्हातारे पालोमेके उभे होते. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "पोट बिघडलं का? होतं असं," म्हणाले, नि माझी फाइल माझ्या हातात दिली.

लाज वाटते. आणि जिवंत आहे म्हणून बरंही वाटतं. त्याची जास्त लाज वाटते.

२२ जून

चिठ्ठी आईने टाकली होती.

आज फोनवर स्वतःच बोलली. दोन माणसं तिच्या मासळीच्या फळीपाशी आली होती — "पोरगी मतदानाला गेली तर तिच्या नावाची मिस्सा सांगून ठेव." तिने ती आधीच सांगितली, मी घाबरून घरी बसावं म्हणून. "धमकी आली म्हणून कळवलं असतं तर तू मुद्दाम गेली असतीस," म्हणाली. "तुला ओळखते मी."

गेले असते का मी?