मामीची पिशवी

प्रिय आई, लाए शहरातून तुझ्या डॉर्कसचा सलाम. चुका पोटात घाल. पाळकसाहेबांच्या कॉम्प्युटरवर एका बोटाने लिहितेय, वेळ लागतो. दादा वाचून दाखवेल.

मी बरी आहे, जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

इथे डोंगराकडच्या लोकांची घरं जळाली. आपल्या लुथरन मंडळीने त्यांना चर्चमध्ये ठेवलंय, घराघरातून उकडलेले टारोचे कंद येतात. छप्पर मिळेपर्यंत त्यांना राहू द्यायचं का, हे आज उपासनेनंतर घरटी एकाने उभं राहून सांगायचं होतं. मामी म्हणाली, "माझी केळी चोरणारे ते. मी येत नाही. माझ्या घरात राहतेस, तर तू जा आणि नको म्हण. एवढं तरी तोंड उघड."

मी उभी राहिले. समोर त्यांची म्हातारी नातवाला भरवत होती. माझ्या तोंडून निघालं, "राहू द्या."

मागून कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, ही बोलते होय?"

आता मामी बाहेर येऊन उभी आहे. पिशवी भरलेली आहे. आत त्या लोकांसाठी टारो आहे की माझे कपडे, खिडकीतून कळत नाही. तू काळजी करू नको. जाते मी तिच्याकडे.

तुझी डॉर्कस

पाळकसाहेबांच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली.