बुजलेल्या पाटाची झाडं

॥ श्री ॥
ग्वाल्हेर, ९ डिसेंबर १९५६

चि. मधुसूदन यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पोचल्याचं कार्ड मिळालं. चार ओळी, त्यांतल्या दोन हवेबद्दल. भोपाळला बदली झालेल्यांना शाई मोजून मिळते की काय? पुढचं पत्र सौ. विमलला लिहायला सांग, म्हणजे तुम्ही काय खाता-पिता ते तरी कळेल.

इकडे वसाहत निम्मी ओस पडली आहे. संस्थान विलीन झालं तेव्हा निदान कचेऱ्या इथे राहिल्या होत्या. आता मध्य भारत राज्यही गेलं आणि कचेऱ्या कपाटांसकट तुमच्याकडे निघाल्या. आपल्या ओळीत लीलाताईंचं घर सोडलं तर सगळीकडे कुलपं आहेत. माझ्या वर्गातल्या मुलीही कमी झाल्या. संध्याकाळी दिवा लावताना फार एकटं वाटतं, हे तुला सांगायला लाज कशाला वाटायला हवी?

आता काळजीची गोष्ट. परवा नाना हरवले. मी शाळेत होते. ते एकटेच शहरात, लष्कर भागात गेले आणि टोपी बाजारात, आपल्या जुन्या बिऱ्हाडाच्या गल्लीत, गोंधळून उभे राहिले. सराफ्यातल्या एका ओळखीच्या माणसाने तांग्यात घालून घरी आणलं. कुणाकडे आलात म्हणून विचारलं तर काही सांगेनात म्हणे. ज्या गल्लीत जन्म गेला तिथे असं व्हावं, याचंच मला जास्त लागलं. पण तू घाबरू नकोस. आपल्या वसाहतीत ते रोज दुपारी फिरायला जातात आणि आपले आपण परत येतात. मी शाळेतून येते तेव्हा ओट्यावर बसलेले असतात.

मफलर वापरत जा. लोभ आहेच, तो पत्रातूनही थोडा दिसू दे.
तुझी,
इंदुताई

॥ श्री ॥
भोपाळ, २१ डिसेंबर १९५६

ती. इंदुताईस मधुसूदनचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझे पत्र वाचून रात्रभर चैन पडले नाही. विमलही रडली. आम्ही दोघांनी विचार करून ठरवले आहे की नानांना इकडे आणावे. खोल्या दोनच आहेत आणि नळाला पाणी येते तेव्हा भांडणेही येतात, पण घरात सारखे कोणीतरी असते. तू दिवसभर शाळेत. नाना एकटे. टोपी बाजारात सापडले हे नशीब म्हणायचे. उद्या तिकडे रेल्वेच्या बाजूला गेले तर?

तू म्हणतेस वसाहतीत ते आपले आपण परत येतात. ताई, मला हे पटत नाही. ज्या माणसाला जुनी गल्ली ओळखता आली नाही त्याला आपली वसाहत कशी ओळखता येईल? तिथली घरे इतकी सारखी आहेत की मी स्वतः दोनदा जगदेवरावांच्या फाटकात शिरलो होतो. हे योगायोगाने चालले आहे आणि योगायोगावर वडिलांना सोडता येत नाही.

होळीच्या सुट्टीत मी न्यायला येईन. तू रागावशील हे ठाऊक आहे. तुझ्यावाचून त्यांचे अडेल आणि त्यांच्यावाचून तुझे, हेही ठाऊक आहे. तरी विचार कर. मफलर वापरतो.

ती. नानांस सा. न. तुझी माया आमच्यावर आहे तशीच ठेवावीस.
तुझा,
मधुसूदन

॥ श्री ॥
ग्वाल्हेर, संक्रांत, १९५७

चि. मधुसूदन यास अनेक आशीर्वाद. तिळगूळ वेगळा पाठवला आहे, लाडू कडक झालेत. दात सांभाळून खा.

तुझं पत्र वाचून मी रागावले, मग दोन दिवसांनी वाटलं की विचारतोस ते बरोबरच आहे. योगायोग असेल तर तो एक दिवस दगा देईल. म्हणून रविवारी मी नानांच्या मागे मागे गेले, जरा अंतर ठेवून. म्हातारपणी हेर झाले म्हण.

मधू, ते घरांकडे बघतच नाहीत. झाडांकडे बघतात. मैदानाच्या कोपऱ्यावर एक उंबर आहे ना, तिथून सुरुवात. मग पिठाच्या चक्कीच्या मागे अर्जुनसादडा आहे, त्याच्या खोडावर हात ठेवून उभे राहिले. तिथून जगदेवरावांच्या अंगणातलं जांभूळ, मग आणखी दोन जांभळं, शाळेच्या भिंतीला टेकलेला करंज, आणि शेवटी आपल्या परसातलं जांभूळ. प्रत्येक झाडाचं बूड पायाने चाचपतात, वर शेंड्याकडे बघतात, की पुढे. जगदेवरावांच्या अंगणातून तर कुणाला न विचारता आरपार गेले. ते दाढी करत होते, त्यांनी नुसता रामराम केला. म्हणजे हे रोजचंच आहे.

मी घरी येऊन वसाहतीचा नकाशा काढला आणि त्यावर झाडं मांडली. मुलींना पानांची आणि फांद्यांची ठेवण शिकवणारी मी, पण झाडांचीही ठेवण असते हे मला कधी सुचलं नव्हतं. आपली घरं पट्टीने आखल्यासारखी सरळ, आणि झाडं मात्र एका वाकड्या ओळीत, घरांमधून, भिंतींखालून. पाण्याशिवाय असं वळणं घेत कोण जातं? गच्चीवर जाऊन पाहिलं. सगळीकडे गवत वाळून गेलंय, पण त्याच वळणावर एक हिरवी पट्टी आहे. खाली जाऊन पाहिलं तर दूर्वा आणि माका. माका ओल असल्याशिवाय जगत नाही.

मग जगदेवरावांना विचारलं. ते रिसाल्यात होते तेव्हा घोडे पाजायला याच मैदानात आणत. तेव्हा इथे तलाव होता. तलावातून पाट निघायचा आणि उतार धरून दरबारच्या रोपांच्या बागेला पाणी न्यायचा. ते म्हणाले की पाटाकाठच्या झाडांची पुरी लाइन नानांनीच लावली आहे, मास्टरनीबाईंना घरातलीच गोष्ट माहीत नाही म्हणजे कमाल आहे. तलाव भरून मैदान झालं, पाट बुजला, वर आपली घरं आली. झाडांना ते कुणी कळवलं नाही, त्यामुळे ती अजून पाटाच्या काठाने उभी आहेत. दरबारच्या बागांचा हा जुना दारोगा आपली झाडं धरून घरी येतो. यात योगायोग कुठे आहे?

तेव्हा माझी शर्त ऐक. ज्या दिवशी नानांना आपलं आपण घर सापडणार नाही, त्या दिवशी मी स्वतः त्यांना भोपाळला आणून सोडीन. तोवर होळीला ये, पण न्यायला नको.

नाना मजेत आहेत. हल्ली मला ‘तुम्ही’ म्हणतात. मास्टरनीचा मान ठेवतात की थट्टा करतात, देव जाणे.

सौ. विमलला आशीर्वाद. रागावून का होईना, आठवण काढत जा.
इंदुताई

॥ श्री ॥
ग्वाल्हेर, २६ मार्च १९५७

चि. मधुसूदन यास आशीर्वाद.

होळीला तू आला नाहीस ते बरंच झालं असं तेव्हा म्हणाले होते. आज म्हणत नाही. आज थट्टेचं मन नाही.

वसाहतीतून पक्की सडक काढताहेत. मैदानापासून शाळेपर्यंत सरळ. माणसं आली, चुन्याच्या रेघा ओढल्या, आणि झाडांवर लाल फुल्या मारल्या. अर्जुन, जांभळं, करंज, सगळे सडकेच्या वाटेत येतात. मी रस्त्यांच्या दफ्तरात चकरा मारून आले. तिथले बाबूजी म्हणाले की कागद भोपाळला गेले, आता जे काय होईल ते उधरसेच होईल, आणि सडकेला सगळे रडत होते, बनायला लागली तर पेड आठवले.

परवा पहिलं जांभूळ तोडलं. जगदेवरावांच्या अंगणाच्या पुढचं. त्या दुपारी नाना तिथपर्यंत आले आणि थांबले. पुढचं झाड तिथून दिसत नाही, मध्ये घर येतं. ते बुंध्यापाशी उभेच राहिले, उन्हात. जगदेवरावांनी हात धरून घरी आणलं.

काल आणि आज मी शाळेतून मधली सुट्टी घेऊन त्या तोडलेल्या जागेवर जाऊन उभी राहिले. ते आले, मला अदबीने नमस्कार केला, मी हात केला त्या बाजूला गेले, आणि पुढचं जांभूळ दिसल्यावर चालू लागले. मला हसू आलं आणि भरूनही आलं. पण रोज सुट्टी कोण देणार, आणि सगळी झाडं गेल्यावर मी किती ठिकाणी उभी राहू?

मधू, मला भीती वाटते. नाना तुझ्याकडे आले तर तुझ्या दोन खोल्यांत जीव धरून राहणार नाहीत. आणि इथे मी रिकाम्या घरात काय करू, हेही मनात येतं, लपवत नाही. तू त्याच दफ्तरांच्या गावात बसला आहेस. कुणाला तरी सांगून बघ. तू कधी कुणापुढे तोंड वेंगाडत नाहीस, मला ठाऊक आहे. एवढ्या वेळेला वेंगाड.

तुझ्या उत्तराची वाट बघते. माया सोडू नकोस.
इंदुताई

॥ श्री ॥
भोपाळ, ११ एप्रिल १९५७

ती. इंदुताईस शि. सा. नमस्कार वि. वि.

काम झाले. आधी हेच लिहितो, म्हणजे तू श्वास सोडशील.

ग्वाल्हेरहून आलेली दप्तरे इथे व्हरांड्यात तशीच बांधलेली पडली आहेत. मी सूर्याजीला, म्हणजे माझ्या टेबलाशेजारच्या कारकुनाला, बरोबर घेऊन दोन रविवार गाठोडी सोडली तेव्हा आपल्या सडकेचा नकाशा हाती लागला. मग साहेबांकडे गेलो. झाडे का वाचवायची हे सांगताना माझी जीभ अडखळू लागली. शेवटी खरे ते सांगून टाकले की माझे वडील त्या झाडांवरून घरी येतात. साहेबांनी नकाशा जवळ ओढून पाहिला. मग त्यांनी विचारले की वडील कुठल्या खात्यात होते. त्यांचेही वडील कुठल्याशा संस्थानात नोकरीला होते, असे नंतर कळले. सडक पाटाच्या वळणाने वळेल. हुकूम गेला आहे. तुटलेल्या जांभळाच्या जागी नवे लावावे असेही त्यात घालून घेतले, ही माझी चलाखी.

ताई, मी नकाशावर तुझ्या पत्रावरून एकेक झाड मांडले आणि त्या वळणावर बोट फिरवत बसलो. आपण सात वर्षे त्या घरात राहिलो आणि मला खाली पाट आहे हे माहीत नव्हते. नानांनी कधी सांगितले नाही आणि मी कधी विचारले नाही. आता ते रोज तुझ्याकडे येतात, आपले आपण, हे वाचले की मला इथे बरे वाटते. झाड तोडले ती एक दुपार मी मोजत नाही, शर्त तू जिंकलीस. नानांना न्यायचे मी आता बोलणार नाही.

विमलचा नमस्कार. ती म्हणते की ताईंनी उन्हात उभे राहू नये. दुरून का होईना, आमच्यावर सावली असू दे.
मधुसूदन

॥ श्री ॥
ग्वाल्हेर, ९ जुलै १९५७

चि. मधुसूदन यास अनेक आशीर्वाद.

सडक झाली. वळणाची झाली म्हणून तांगेवाले कुरकुरतात, पण झाडं उभी आहेत. तुझ्या हुकुमातलं रोप हातभर झालंय, बकऱ्यांपासून वाचवायला जगदेवरावांनी काटे लावलेत. नाना रोज वेळेवर परत येतात. एवढंच लिहून पत्र संपवावं असं फार वाटलं. पण तू एवढं केल्यावर तुझ्यापासून लपवणं बरं नाही.

काल शाळा लवकर सुटली. नव्या राज्याची नवी पुस्तकं अजून आलीच नाहीत, मुलींना बसवून काय करणार? त्यामुळे नाना आले तेव्हा मी घरी होते. आजवर मी यायच्या आधी ते येऊन बसलेले असत, आणि मी पाहिलं ते मागून. समोरून घरी येताना पहिल्यांदा पाहिलं.

ते परसातल्या जांभळापाशी थांबले, मग पायरीशी आले आणि बाहेरूनच मला विचारलं की उमाजी कुठे गेला. उमाजी म्हणजे रोपांच्या बागेचा मुकादम, बागेच्या चौकीवरच राहायचा. मी लहान असताना तो आपल्याकडे यायचा. मग मला कळलं. बाग इथेच होती, मधू. आपलं घर जिथे आहे तिथेच पाट संपायचा. घरांचं वाटप झालं तेव्हा नानांनी हीच जागा का मागून घेतली, ते तेव्हा कुणाला समजलं नव्हतं. ते रोज झाडं धरून घरी येत नाहीत. पाटाची फेरी पुरी करून चौकीवर येतात. आणि मी त्यांच्या लेखी उमाजीची बायको आहे. ‘तुम्ही’ का म्हणतात, तोडलेल्या झाडापाशी मला नमस्कार का करत होते, ते सगळं एकदम उलगडलं.

मी पाणी दिलं. ते प्यायले. शेवटच्या आळ्यापर्यंत पाणी पोचतंय, पण एक जांभूळ कुणीतरी तोडलंय, त्याची चौकशी करायला हवी असं म्हणाले. मग रुमालातली जांभळं काढून निम्मी मला दिली, तुमच्या मुलांना म्हणून. उरलेली परत बांधली आणि उठले. मी विचारलं, कुठे निघालात. ते म्हणाले, लष्करात, घरी. उशीर झाला. माझी इंदू मी गेल्याशिवाय जेवत नाही.

आई गेली ते वर्ष ते. तू पाळण्यात होतास, तुला काही आठवायचं कारण नाही. शेजारच्या काकू ताट वाढायच्या आणि मी नाना येईपर्यंत घास तोंडात घेत नसे. त्यासाठीच ते त्या दिवशी टोपी बाजारात गेले होते.

मी त्यांना सांगितलं की मीच इंदू. ते माझ्याकडे बघून हसले, अगदी प्रेमाने, आणि कमरेजवळ हात धरून दाखवला, एवढी आहे म्हणाले. आणि पायऱ्या उतरू लागले. हात धरून ओढू शकले नाही. तुझ्या भोपाळला जरी नेलं असतं तरी ते असेच निघाले असते, आणि तिथे तर वाटेवर एकही झाड ओळखीचं नाही. पण इथे ठेवून मी जिंकले असंही आता म्हणवत नाही. शर्तीचं काय ते तूच ठरव, माझं डोकं चालत नाही. सुट्टी काढून ये एवढंच सांगते. त्यांच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी ये.

काल मग मी त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेले आणि सांगितलं की लष्करातून निरोप आलाय, इंदू जेवली. ते थांबले. रडली का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. झोपली का विचारलं. मी हो म्हटलं. तेव्हा ते परत फिरले, हातपाय धुतले आणि पानावर बसले.

आजही तसंच झालं. यापुढे रोज असंच करायचं ठरवलंय. इंदू जेवली असं मी त्यांना सांगते. मग ते जेवतात. मग मी जेवते.

सौ. विमलला आशीर्वाद. तुम्हा दोघांचं प्रेम मला लागतं, ते कमी पडू देऊ नका.
तुझी,
इंदुताई