गव्हाणीवर भंडारा

॥ बिरोबा प्रसन्न ॥

मिशन बंगला, सोलापूर
२७ डिसेंबर १९७६

चिरंजीव सिदू यास,

थोरल्या भावाचे, गुंडाचे, पोटभर आशीर्वाद. सौ. मायाक्कालाही आशीर्वाद (ती घेत असेल तर). पहिल्या ओळीत सर्व खुशाल लिहायची रीत आहे, म्हणून इकडे सर्व खुशाल आहे असे समज आणि पुढे वाच. तुझा गुडघा कसा आहे? मेंढरांच्या खुरांना यंदा पुन्हा लागण झाली असे वळसंगच्या एसटीतला माणूस सांगत होता, तेव्हापासून मला झोप नाही. (झोप तशीही नाही. पोटात वारा धरतो.) मायाक्काचा खोकला ओला आहे की सुका, हे कळव. सुका असेल तर काळजी. ओला असेल तरी काळजीच.

पत्र लिहिण्याचे कारण नाताळ. आमचे हॉवर्डसाहेब, मडमबाई आणि त्यांची रुती यांचा हा सोलापुरातला शेवटचा नाताळ झाला. इथे राहायचा परवाना संपला, येत्या रविवारी सकाळी ते अमेरिकेला निघणार, बंगल्याला कुलूप लागणार. ज्याला झाडेच ठेवायची नाहीत त्याला माळी कशाला, म्हणून मलाही रजा. माझी तू अजिबात काळजी करू नकोस, माझी चार ठिकाणी सोय होण्यासारखी आहे.

रुती तुला माहीत नसणार. पाच वर्षांची आहे, जन्म इथलाच. केस मक्याच्या कणसाच्या तुऱ्यासारखे, पण तोंड उघडले की आपल्या वाडीवरची. आई इंग्रजीत विचारते आणि ही "व्हय की" म्हणते. केकच्या तुकड्यावर शेंगाची चटणी घालून खाते. (ही सवय मी लावली असे मडमबाई म्हणतात. चटणी मी दिली, केकवर घाल असे मी सांगितले नव्हते.) मला गुंडाआजा म्हणते. मी खुरपायला बसलो की पाठीवर चढून बसते आणि मेंढरे हाकल्यासारखी मला हाकते.

आता अडचण अशी झाली की आपण कायमचे जाणार हे तिला कुणी सांगायचे? तिला वाटायचे, सगळे थंड हवेला जातात तसे जाऊन येऊ. साहेब पुस्तकातली मराठी बोलतात. एक दिवस माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "गुंडाजी, हे दुःखद वर्तमान आपण तिला कथन कराल काय? आम्ही सांगितले तर ती एकच प्रश्न विचारील, गुंडाआजा येणार काय? आणि आम्हापाशी उत्तर नाही." मी हो म्हणालो. साहेबाला नाही म्हणायची सवय नाही. मग मी आठवडाभर ते वर्तमान पोटात घेऊन हिंडलो (वारा तेव्हापासून जास्त). गुलाबाला पाणी घालताना तोंड उघडले, तर ती म्हणाली, "आजा, तोंडात माशी जाईल." तिथेच बंद झाले.

त्यात ते नाटक आले. दर नाताळाला मिशनच्या देवळात (चर्चमध्ये) गोठा उभारतात, गव्हाणीत बाळ ठेवतात आणि धनगर त्याच्या दर्शनाला येतात असे दाखवतात. दर वर्षी धनगर व्हायचा मल्लप्पा कंपाउंडर. तो पलंगाची चादर पांघरून यायचा, आणि सिदू, काठी अशी धरायचा की मेंढरू हसावे. यंदा मडमबाई म्हणाल्या, घरात खरा धनगर असताना चादर कशाला? मी लई घाबरलो. इकडे पाळकसाहेब (देवळातले पाद्री) तोंड वाकडे करणार, तिकडे वळसंगला कळले की मायाक्का म्हणणार, म्हातारा बाटला. पण रुती देवदूत होणार होती, कापसाचे पंख लावून, आणि तिने सांगून टाकले की आजा नसला तर आपण उडणार नाही.

शिकवले एवढेच होते : यायचे, गुडघे टेकायचे, हात जोडायचे, बाजूला व्हायचे. बोलायचे काही नाही. तुझ्या वहिनीच्या हातच्या लोकरीचे घोंगडे पेटीतून काढले, झटकले आणि गेलो. देऊळ गच्च भरलेले. गव्हाणीत मल्लप्पाचा दीड महिन्याचा नातू, मुठी आवळून निजलेला. पुढ्यात कडबा, कंदिलाचा उजेड, कडब्याचा तो वास. सिदू, तूच सांग. गोठ्यात देव जन्मला आहे, सगळ्यांच्या आधी धनगराला बोलावले आहे, आणि धनगराने नुसते हात जोडायचे? रिकाम्या हाताने? माझा हात माझा राहिला नाही. कमरेची पिशवी सुटली, भंडारा मुठीत आला आणि मी उधळला. तोंडातून आरोळीही गेली, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

आणि वरून, स्टुलावरून, देवदूत ओरडला, "चांगभलं!"

बाळ शिंकले. पाळकसाहेबांचा पांढरा झगा खांद्यापासून पिवळा झाला, पंख पिवळे झाले, पहिल्या बाकावरची सावित्रम्मा बाई तेलुगूत काय म्हणाली ते कळले नाही, पण चांगले नसावे. मल्लप्पा मागून म्हणाला, "गुंड्या, पोराला हळद लावलीस, आता नवरी बी बघ की!" त्यावर लोक हसले. मडमबाई सगळ्यांच्या आधी हसल्या आणि सगळ्यांचे थांबल्यावरही हसतच राहिल्या, मग तोंडाला पदर लावला. (नाताळाला त्या साडी नेसतात.) खांदे हलत होते, पण ते हसणे नव्हते. साहेब उठून म्हणाले, "पुढील गीत गाऊ या," आणि पुढील गीत त्यांना आठवेना.

पाळकसाहेब नंतर मला म्हणाले, तुम्ही पवित्र जागा बाटवलीत. मला बरे वाटले नाही. पण एवढा भाग मायाक्काला दोनदा वाचून दाखव. एकोणीस वर्षे मिशनात राहून मी बाटलो की मीच मिशन बाटवले, ते तिने ठरवावे.

पुढचे नळावरचे. रुतीला धुवायला घेतले. पंखांना साबण लावला तर पिवळ्याचा लाल झाला. हळदीला साबण लागला की होतो, पण तिने कधी पाहिले नव्हते. "आजा, रगत!" म्हणून मला चिकटली. मी म्हणालो, रगत न्हाय बाळ, हळद हाय. आणि ती चिकटलेली होती म्हणूनच मला धीर झाला. म्हणालो, "रुते, तुमी जाणार हाय. लांब. परत न्हाय येणार."

ती म्हणाली, "म्हायती हाय की."

बनाबाईने, म्हणजे आमच्या स्वयंपाकीणबाईने, ट्रंका भरताना तिला केव्हाच सांगितले होते. मी म्हणालो, मग मला का न्हाय बोललीस? तर म्हणाली, "तू रडशील म्हणून."

मी रडलो नाही. साबण डोळ्यात गेला होता.

मग तिने विचारले, "आमी गेल्यावर तुला भाकरी कोन देनार?" मी काहीतरी उत्तर दिले. लहान मुलांना काहीही सांगितलेले चालते. ते इथे लिहिण्याइतके महत्त्वाचे नाही.

असो. गुडघ्याला शेक घे. खोकल्याचे कळव. थोरांना दंडवत, पोरांना पापा.

तुझा
गुंडा

ता. क. मी बाटलो काय असे गावात कुणी विचारले तर भंडाऱ्याचे सांग. आरोळी पुऱ्या देवळाने ऐकली आहे, साक्षीदार कमी नाहीत. मात्र सावित्रम्माला विचारू नये.

दुसरा ता. क. ते उत्तर लिहूनच टाकतो. मी म्हणालो, वळसंगला माझा भाऊ हाय, सिदू, तो मला न्यायाला येनार हाय. ती म्हणाली, बिरोबाची आन घे. हाताला भंडारा लागलेलाच होता, घ्यावी लागली. आता ती दिवसभर फाटकावर उभी राहते आणि जाणाऱ्या प्रत्येक बैलगाडीला विचारते, "तू सिदू हाय का?" त्यांची मोटार रविवारी सकाळी निघेल. तू शनिवारी ये. निदान रविवारी उजाडता तरी ये. घरात जागा नाही हे मला ठाऊक आहे, मायाक्काचे म्हणणेही ठाऊक आहे. मला न्यायचे नसेल तर नेऊ नकोस. पण तिच्यादेखत मला गाडीत बसव, हात धरून बसव, म्हणजे तिला दिसेल. पुढे वळणावर सोडून दिलेस तरी चालेल.

तिसरा ता. क. वळणावर सोडायचे वर लिहिले आहे, ते नुसते लिहिण्याच्या भरात लिहिले आहे.