परसातला निळा पत्रा

१९ मे, रविवार

कोपऱ्यावरचा कडुलिंब पडला! साडेपाचला वारं सुटलं — दहा मिनिटंही नसेल — आणि पाऊस यायच्या आधीच झाड रस्त्यावर आडवं. तारा तुटल्या, लाईट नाही. समोरच्यांची पाण्याची टाकी गच्चीवरून खाली. मागच्या वस्तीतले पत्रे उडताना मी खिडकीतून बघितले. आमच्या परसातही काहीतरी धाडकन पडलं. दार उघडून बघायची हिंमत झाली नाही.

माळशिरसहून धाकट्या बहिणीचा, प्रभाचा फोन. ताई, ठीक आहेस ना? म्हटलं, आहे. तेवढ्यात तिच्या कुकरची शिट्टी झाली, फोन ठेवला.

२० मे, सोमवार

सकाळपासून सगळी गल्ली झाडाभोवती. फोटो काढतायत. माझं काय गेलं ते कुणाला सांगू? भाजीवाला त्याच्याच सावलीत गाडा लावायचा, शाळेच्या रिक्षाची पोरं तिथंच थांबायची, बायका वांगी निवडता निवडता सुनांचा उद्धार करायच्या. मी आत पंख्याखाली बसून सगळं ऐकायची. माझ्याकडे कुणी येत नव्हतं, पण माझ्या गेटापाशी तरी यायचे! रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तेवढ्यावर निभावलं. आता भाजीवाला पलीकडच्या चौकात उभा राहणार.

अकराला गेट वाजलं. मागच्या वस्तीतली शिवम्मा. कडक भाकरी करून विकते, तोंडओळख तेवढी. तिच्या चुलीवरचा पत्रा वाऱ्यानं नेला. "निळा हाय बाई, एका अंगानं. हितं कुटं आलाय का?" म्हटलं, नाही. खरंच माहीत नव्हतं. ऊन मी म्हणत होतं, म्हणून पाणी दिलं. मग चहा. तासभर बसली! अक्कलकोटकडची आहे. बोलता बोलता मधेच कानडीत शिरते आणि मला कळलं नाही की स्वतःच हसते.

ती गेल्यावर परसाचं दार उघडलं. धुण्याच्या दगडावर निळा पत्रा. कोपऱ्यात पांढऱ्या रंगात लहान मुलाच्या हाताचा ठसा.

उद्या सांगते.

२१ मे, मंगळवार

आली. पत्रा पडलेल्या झाडाखाली अडकला असेल, असं तिला कुणीतरी सांगितलंय. महापालिकेची माणसं झाड उचलायला आली का, ते बघायला रोज चक्कर मारणार आहे.

तोंडाशी आलं होतं. नाही सांगितलं. सांगितलं की पत्रा घेऊन जाईल, आणि मग कशाला येतेय? अजून दिसला नाही गं, म्हणाले. किती सहज म्हणाले!

२२ मे, बुधवार

पत्र्यावर जुनी सतरंजी टाकली. कुणापासून लपवतेय? माझ्या परसात येतंय कोण!

२३ मे, गुरुवार

आज ती यायच्या आधीच दोन कप काढून ठेवले.

तिची मुलगी आणि जावई टॉवेलच्या कारखान्यात. सकाळी जातात, रात्री आठला येतात. मी एकटी कशी राहते, भीती नाही का वाटत, असं तिनं विचारलं. हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं, प्रभानंसुद्धा नाही. मग मी बोलतच सुटले. लग्न कसं राहून गेलं, आईचं दुखणं, सगळं. पोस्टात छत्तीस वर्षं काढली, कुणाचं एक पाकीट चुकून घरी आणलं नाही, हेही सांगून बसले. सांगताना माझेच कान तापले.

जाताना तिनं फडक्यातून भाकरी काढून दिली, वर शेंगाची चटणी. विकायची कडक नव्हे, मऊ होती, अजून ऊन होती. उभ्या उभ्याच खाल्ली.

२५ मे, शनिवार

संध्याकाळी पाऊस झोडपून गेला. वस्तीतल्या घरांवर निवडणुकीचे जुने फ्लेक्स बांधलेत. ते फडफडताना इथवर ऐकू येत होते. मी स्लॅबखाली कोरडी, आणि तिची चूल भिजत असेल. परसात जाऊन बघितलं — सतरंजी चिंब होऊन पत्र्याला चिकटली होती. लाज वाटली स्वतःची. इथं लिहायला काय जातंय? तिला सांग की!

२६ मे, रविवार

चुलीचं काय केलंस, विचारलं. चालतंय की, म्हणाली. एक तक्रार नाही. मला तिच्याकडे बघवेना. साखर दुप्पट पडली चहात, तीही प्यायली.

२७ मे, सोमवार

महापालिकेची माणसं आली. दिवसभर मशीनचा आवाज. तीनपर्यंत कडुलिंब ट्रकमध्ये. कोपरा इतका मोकळा झालाय की डोळ्यांवर ऊन येतं. शिवम्मा शेवटपर्यंत तिथं उभी होती. खाली एक चप्पल निघाली आणि कावळ्याच्या घरट्याच्या काड्या.

"न्हाय बाई," म्हणाली. चहाला थांबली नाही. जाते, एवढंच म्हणाली. रोज उद्या येते म्हणायची.

दुसरा कप तसाच कोरडा राहिला. उद्या मीच तिच्या घरी जाणार आणि सांगणार. तिनं तोंड फिरवलं तरी चालेल. ज्याचं त्याला मिळालं पाहिजे.

२८ मे, मंगळवार

तिच्या दारात गेले. चुलीवर निळा पत्रा — जागच्या जागी! दुसऱ्याच दिवशी नाल्यात सापडला म्हणाली, तव्यावरची नजर न काढता. मग रोज का येत होतीस? "आट वाजेस्तोवर मी बी एकलीच की, बाई."

मीही माझं सांगून टाकलं. ती रागावली नाही, उठून माझ्याबरोबर आली. सतरंजी काढली, हाताच्या ठशावर आपला पंजा ठेवून बघितला. मग म्हणाली, "आमच्यात ल्हान लेकरू कुटं हाय?"

नऊ दिवस कुणाचं तरी लेकरू उघड्यावर, आणि आम्ही दोघी चहा पीत बसलो होतो.

ती पत्र्याचं एक टोक धरून परसात उभी आहे. एवढं लिहायला आत आले होते.