ताट उचलल्याचा गुन्हा

राऊ, इंदूर
रविवार

तीर्थस्वरूप नानासाहेबांना पंढरीनाथचा साष्टांग नमस्कार (कंबरेमुळे सध्या उभ्यानेच घालतो आहे, गोड मानून घ्यावा).

आपली प्रकृती उत्तम असेल, वहिनींचा गुडघा आता जिना चढू देत असेल. आमची मंडळी, म्हणजे आपली धाकटी बहीण वसुधा, बुधवारी तडकाफडकी निघून आपल्याकडे नाशकाला दाखल झालीच आहे. माझ्या कागाळ्याही सांगून झाल्या असतील. तेव्हा आता माझी बाजू ऐका.

डॉक्टरांनी कंबरेसाठी व्यायाम सांगितला, म्हणून साठी उलटल्यावर मी जिममध्ये नाव घातलं. तिथला ट्रेनर ज्ञानदीप, वय वर्षं तेवीस. (आजोबा महूला फौजेत होते म्हणे, सगळी शिस्त नातवात उतरली आहे.) एकतीस वर्षं कॉलेजात पोरं ज्याच्यापुढे चळाचळा कापली, त्या मला याने पंधरा दिवस नुसता मोकळा दांडा उचलायला लावला! वर पहिल्याच दिवशी उपदेश, "काका जी, शुरूपासून आदत पाडली नं, तर जिंदगीभर टेन्शन नाही. आपली प्लेट आपणच उचलायची, जागेवर ठेवायची." मी म्हटलं, मी पोहे घरूनच खाऊन आलो आहे. अख्खी जिम हसली. प्लेट म्हणजे दांड्याला अडकवायची लोखंडी चकती, हे मला कोणी सांगितलं होतं?

पुढे चकत्या मिळाल्या, पण त्या तशाच टाकून निघालो की हा दारातून परत बोलवायचा, "काका जी, प्लेट!" दीड महिना हा अपमान गिळला. शेवटी अंगवळणी पडलं आणि तिथेच घात झाला. मंगळवारी दुपारी जेवण आटोपलं आणि माझा हात आपसूक उठला. मी ताट उचललं आणि सिंकमध्ये नेऊन ठेवलं. म्हटलं, आता कौतुक होईल. वसुधा हातातला डाव तसाच धरून बघत राहिली. हे कुठे शिकलात, म्हणाली. मी (गाढवासारखं) खरं सांगितलं.

"चौतीस वर्षं मी सांगत होते," ती म्हणाली, "ते तुम्हाला कधी ऐकू आलं नाही. त्या पोराने दीड महिन्यात शिकवलं?"

दुसऱ्या दिवशी बॅग भरली.

नानासाहेब, ताट न उचलल्यामुळे रुसलेल्या बायका मी ऐकून आहे. उचलल्यामुळे माहेरी गेलेली बाई आपल्या पाहण्यात आहे का? हा कुठला न्याय? मी माफी मागणार नाही, हे तिला खडसावून सांगा. तिने खुशाल वाटेल तितके दिवस राहावं.

आपला,
पंढरीनाथ

ता. क. वाटेल तितके म्हणजे फार तर शुक्रवारपर्यंत.

ता. क. दुसरा. वरचं काही तिला वाचून दाखवू नका. चुकलो, एवढंच सांगा; मला ते फोनवर जमत नाही. चार दिवस माझी मीच पानं मांडतो आहे. आज चुकून दोन ताटं घेतली. जेवण झाल्यावर एक धुतलं. दुसरं कोरडंच होतं, ते तसंच उचलून जागेवर ठेवलं.