रुमालाखालचा हात

मी, मन्मथ वीरभद्रप्पा हलगरे, वय एकोणऐंशी, शिक्षण सहावी, राहणार लातूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. कलम चार वाचून कुणी शंका घेईल, म्हणून तपासणी दोनदा करून घेतली.

१) राहते घर माझी पत्नी पार्वतीबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे. नंतर मुलगा सुदर्शन याचे. पुढची खोली तिला न विचारता भाड्याने देऊ नये. तो देईल, मला माहीत आहे, म्हणून लिहिले.

२) किल्लारीजवळची चार एकर जमीन सुदर्शन आणि त्याची मुलगी तनुजा यांना निम्मी निम्मी. “पोरीला शेत कशाला?” असे तो म्हणाला तर हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे.

३) पोत्यात खुपसून धान्याचा नमुना काढायची लोखंडी नळी सुदर्शनला. ज्या आडत दुकानात मी एकेचाळीस वर्षे सौदे केले, त्याच्या मालकाने निरोपाला साधी शालही दिली नाही. त्याला काही नाही.

४) लाल रुमाल. पूर्वी तुरीचा भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबत. आधीची बोटे हजाराची, नंतरची शेकड्याची. पुढे उघड लिलाव आले आणि रुमाल माझ्या घरी आला.

तेव्हा भाव आपल्या शिवारावर ठरायचा. पीक कमी तर भाव जास्त. सरकारने बाहेरची तूर मोकळी केली आणि आमच्या डाळमिलमध्ये ब्रह्मदेशाची, आफ्रिकेची पोती उतरू लागली. मग आभाळ बघून भाव सांगता येईना.

त्याच काळात एका दुपारी जेवण करून बसलो होतो. सवयीने रुमाल उजव्या हातावर होता. खालून कुणीतरी माझी बोटे धरली. रुमाल उचलला तर माझाच हात, एकटा. पार्वतीबाई समोर शेंगा निवडत होती, तिला काही दिसले नाही. पुन्हा झाकला, पुन्हा धरली. तीन बोटे, मग दोन. दुसऱ्या दिवशी लिलाव बत्तीसशेवर निघाला.

त्यानंतर दर हंगामात तो हात आला. थंड, किंचित ओला. आकडा कधी चुकला नाही. फक्त दर वर्षी सोडायला जास्त वेळ लावू लागला.

तूर दहा हजारांपुढे गेली, त्याच्या पुढच्या वर्षी सगळ्यांनी तूरच पेरली आणि वरून जहाजेही आली. देवणीचे माझे स्नेही ज्ञानोबा कांबळे विचारायला आले, “आप्पा, इकू का थांबू?” बाजार सहा हजार होता. हाताने सकाळीच चार दाबले होते. मला तो आकडा तोंडातून काढवेना. म्हणालो, “थांबा, वाढंल.” ते थांबले आणि चार हजारांनी विकून गेले. मला शब्दाने बोलले नाहीत, पण पुन्हा तूर पेरली नाही. हे माझ्याकडून झाले.

तनुजा डाळमिलच्या कचेरीत आयातीचे कागद बघते. ती म्हणते, “आज्जा, रुमाल मला द्या. भाव आधी कळला तर मी मिलच घेते बघा.”

“आन तुझा हात?”

“हाताला काय होतंय?”

म्हणून पुढचे लिहिणे भाग आहे. मागे सरकारने आयातीवर मर्यादा घातली. बाजारात फटाके वाजले. त्या दुपारी हात आला. त्याने एकच बोट दाबले, तेही अर्धवट. आमचा भाव तर चढत होता. मी घाबरून त्याची बोटे प्रथमच नीट चाचपली. तर्जनीच्या मुळाशी विळ्याचा घट्टा, नखात माती. व्यापाऱ्याचा हात असा नसतो. ज्याला मी घेणाऱ्याचा समजलो, तो विकणाऱ्याचा हात होता. समुद्रापलीकडचा कुणी तूरवाला स्वतःला मिळालेला भाव दाखवून विचारत होता, तुमच्याकडे काय? आम्ही दार लावले ते त्याच्या बोटांवर लागले. आणि इतक्या वर्षांत मी एकदाही उत्तर दिले नव्हते.

हे सगळे गेल्या रविवारी ज्ञानोबांना सांगितले. ते हसले. “शेतकऱ्याच्या हाताला भ्यायचं आसतंय व्हय? द्या हिकडं.”

“उत्तर काय द्याल?”

“जे मिळतंय ते खरं सांगीन. तुमच्यावानी न्हाई.”

रुमाल ज्ञानोबा कांबळे यांना. तनुजाचा त्यावर कोणताही हक्क नाही.

५) मला आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवून माती द्यावी. इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवावे. उजवा हात वळलेला असेल तर सरळ करण्याची जबरदस्ती करू नये.

इथपर्यंत उजव्या हाताने लिहिले. सही करायला टेकवला आणि तो धरला गेला. भरदुपार आहे, हातावर रुमाल नाही. रुमाल समोर बसलेल्या ज्ञानोबांच्या मांडीवर पसरलेला आहे आणि त्यांच्या हाताला काही लागत नाही. या ओळी मी सांगतो आहे, साक्षीला आलेले आनंदराज सर लिहीत आहेत.

ज्ञानोबा म्हणाले, “आप्पा, सोडा की.”

मी धरलेला नाही.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा: मन्मथ वीरभद्रप्पा हलगरे
स्थळ: लातूर. दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:
१. आनंदराज सोनकांबळे, शिक्षक (सही)
२. व्यंकट बिराजदार, शेजारी (सही)

साक्षीदारांची नोंद: लिहून देणाऱ्यांना सही येते. अंगठा घेण्यापूर्वी आम्ही दोघांनी त्यांचा उजवा हात मेजावरून उचलून पाहिला. उचलला गेला नाही.